सरकी वाळवताना मी केलेला गाढवपणा

यवतमाळकडे आमचं थोडं कोरडवाहू रान आहे. कापसाचं देशी सरळ वाण (संकरित नव्हे) लावतो, त्यामुळे बियाणं, म्हणजे सरकी, घरचंच. मागच्या मे मध्ये पहिल्यांदाच सरकीवरची लव ॲसिडने काढली. किलोला १०० मिली सल्फ्युरिक, प्लास्टिकच्या बादलीत दोन-तीन मिनिटं लाकडाने ढवळायचं, सरकी कॉफीच्या रंगाची झाली की भरपूर पाण्याने धुवायचं, मग चुन्याची निवळी (हातमोजे घालाच, माझ्या पँटला अजून भोकं आहेत).

इथपर्यंत ठीक. पण धुतली भर दुपारी, गच्चीवरच्या टाकीचं पाणी चांगलं गरम झालेलं, आणि गरम पाणी सरकी भराभर पिते. मी तर बराच वेळ तशीच भिजत ठेवली. वर लवकर वाळावी म्हणून पत्र्यावर पसरली, जिथे आई कुरड्या वाळवते. आई बोलली पण, "कुरडई तळायची असते रे, ही पेरायचीय ना?" ऐकतो कोण.

संध्याकाळी सरकी वरून खडखडीत, दाताखाली मात्र चिवट. टरफल लगेच वाळतं, आतली ओल बाहेर यायला वेळ लागतो, आणि ओला दाणा तापला की कोंब मरतो. गोणपाटात १०० दाणे गुंडाळून बघितले, ४१ उगवले. ॲसिडनेच जळली असेल असं वाटलं, पण त्याच घाण्यातली मूठभर ओसरीत सुपात राहिली होती, तिच्यातले ५० पैकी ३७ उगवले. मग काय बोलणार. सर्टिफाइड सरळ वाणाला निदान ६५ टक्के उगवण लागते.

यंदा पहाटे विहिरीच्या गार पाण्याने झटपट धुतली, सावलीत ताडपत्रीवर पातळ पसरली, तासातासाला हात फिरवला. तीन दिवस गेले, पण दाताखाली कटकन फुटायला लागली. ७९ उगवले.

उरलेल्यातली एकेक किलो कापडी पिशवीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. जुलैच्या शेवटी पिशवी १ किलो ४० ग्रॅम भरली, डबा जिथल्या तिथे. मे चं ऊन पाणी काढतं ते हवा कोरडी असते म्हणून, पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात तीच सरकी उलट पाणी ओढते. पिशवीतली आता ढेपेच्या कामाची. डब्यातली ठेवलीय, पेरणीआधी परत १०० दाणे गोणपाटात घालून बघणार.