तारीख नसलेली सुपारी

गणपती होऊन गेले होते, जत्रांच्या कुस्त्या अजून लांब होत्या. आमच्या हलगीच्या धंद्यात हा रिकामा काळ. अशाच एका दुपारी पेठेतले एक जुने पैलवान काठी टेकत दारात आले. वय ऐंशीच्या पुढं, कान चुरगळून गोळा झालेले. त्यांच्या कुस्त्यांना माझे वडील हलगी वाजवायचे. मी त्यांना वस्तादच म्हणतो.

"सुपारी द्याय आलोय."

"कुठलं मैदान, वस्ताद?"

"पंचगंगेवरचं."

मी वही उघडली. "तारीख?"

"ती मला कळली तर तुला फोन करीन की रं."

पंचगंगेवर आमचं स्मशान. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, आणि मी वही मिटली. आमच्या घरातली हलगी मयताला वाजत नाही. आज्याच्या काळी गावात कुणी गेलं की बोलावणं यायचं. म्हणायला बोलावणं, खरं तर हुकूमच. पिढीजात गावकीची असली कामं लादणारं महार वतन शाहू महाराजांनी 1918 साली रद्द केलं, पण कागदावर मोडलेलं गावाच्या अंगवळणातून जायला पिढ्या लागतात. वडील कोल्हापुरात आले ते हे ठरवूनच. कुस्तीला वाजवीन, लग्नाला वाजवीन, मयताला न्हाई. पैसे दिले तरी न्हाई.

"ठाऊक हाय मला," वस्ताद म्हणाले. "तुझ्या बापानंच सांगितलंय. मयताचं वाजीव म्हणतंय कोण? कुस्तीचं वाजीव."

आता यावर काय बोलणार?

बाहेरच्या माणसाला हलगी म्हणजे नुसता कडकडाट वाटतो. पण पैलवानांची जोड हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, उतरताना ठेका संथ असतो. खडाखडी सुरू झाली की चढायला लागतो, आणि पकड बसली की वाजवणाऱ्याची नजर हातातल्या काठीवर, टिपरूवर, नसतेच, पैलवानाच्या पायांवर असते. खासबागच्या कुस्ती मैदानात हे फार कळतं. महाराजांनी 1902 च्या विलायतवारीत रोमचं ते जुनं गोल मैदान बघितलं आणि तसलं इथं बांधून घेतलं, 1912 ला पुरं झालं. चारी बाजूंनी उतरत्या बैठका, मधे माती. कुठंही बसा, हलगी छातीवरच येते.

"वाजवून दाखव," म्हणत वस्ताद आमच्या कॉटवर आडवे झाले. "झोपून ऐकाय पायजे. त्या दिवशी काय उभा असणार हाय व्हय मी?"

बायको दारातच थिजली. हवा दमट होती, कातडं सैल पडलेलं. पोराच्या जुन्या वह्यांचा जाळ करून मी हलगी शेकली. (गॅसवर शेकू नये, कातडं करपतं.)

"आषाढात गेलो तर रं? पावसात जाळ कुठला आणशील?"

मी गप्प. तेच हसले. "तिथं शेणींची थप्पी असती की!" खरंच आहे. कोल्हापुरात दहन शेणींवर होतं, तेही फुकट, आणि होळीला लोक आपल्या शेणी त्यासाठी दान देतात.

मी सुरू केलं. डोळे मिटून वस्ताद ऐकत होते आणि उजव्या पायाचा अंगठा हलत होता. ठेका टिपेला नेला आणि निकाली कुस्तीला वाजवतो तसा शेवटचा दणका दिला, तसे ते ताडकन उठून बसले.

"हे न्हाई. कुस्ती निकाली झाली म्हणायची काय माझी? मी पडलो?"

"मग काय करू?"

"बरोबरीत सोडव."

"वस्ताद, बरोबरीला काय वाजत न्हाई. पंच कुस्ती सोडवतो, हलगी थांबते, लोक कुरकुरत उठतात."

त्यांनी थोडा विचार केला. "मग तसंच कर. थांब नुसता. कुरकुरायला पोरं हायत माझी."

पाचशे एक रुपये इसार ठेवून ते गेले. वहीत मी त्यांचं नाव लिहिलं, मैदान लिहिलं, तारखेची जागा कोरी ठेवली. मयत मात्र लिहिलं नाही.

रात्री गच्चीवर बसून थांबायचा सराव केला. हात टिपेला गेला की मधेच तोडणं महाकठीण, एखादं टिपरू जास्त पडतंच. आठ-दहा वेळा केलं, दरवेळी पडलं. शेजारी ओरडले तेव्हा आवरलं.

रविवारी वस्तादांचा फोन आला.

"जमलं का थांबाय?"

"न्हाई अजून."

"बरं," म्हणाले, "मग मी बी थांबतो."