आधी त्याला विचारू

बुधवार, रात्री

साडेआठलाच नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उभी होते. दिंडोरीच्या एसटीतून मावशी उतरल्या, मागून त्यांचा मुलगा. हातात किराणा दुकानाची पिशवी, तिच्यात त्याच्या मानसिक आजाराचे आठ वर्षांचे केसपेपर. गोळ्यांच्या पाकिटावर त्याने स्वतःच बॉलपेनने वार लिहिलेत. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला आणि बरं वाटलं.

काम दिव्यांग प्रमाणपत्राचं. दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मला विचारलं, "हातपाय तर धड आहेत. कसला अपंग?" त्याची मान खाली गेली. मला राग आवरेना. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे, हे तिथे बसणाऱ्याला मी सांगायचं? सांगितलं. तपासणीत स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, एवढं बघतात. शिवाय आजाराची वर्षं. छाटणीला तो द्राक्षबागेत जातो, तेवढ्यावरून 'काम करतो' असा शेरा पडू नये म्हणून बागवाल्याकडून वर्षभरातले कामाचे दिवस लिहून आणले होते. टक्केवारी 40च्या खाली आली तर संजय गांधी निराधार योजनेचे पैसेही नाहीत.

आज काम झालं नाहीच. चहा घेताना नामनिर्देशित प्रतिनिधीचा विषय काढला. उद्या आजार बळावला तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे आजारी माणसाने आधीच ठरवून ठेवायचं. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. स्टॅम्पपेपर नको, साध्या कागदावर सही किंवा अंगठा.

मावशी पटकन म्हणाल्या, "मोठ्याचं नाव लिवा, ताई."

"थांबा मावशी, आधी या दादाला विचारू."

तो कितीतरी वेळ गप्प. नऊ वर्षं मानसिक आजार असलेल्या माणसांसोबत काम करतेय, तरी अशी शांतता अजून जड जाते. मग म्हणाला, "अक्काचं. ती ओरडत नाही माझ्यावर."

मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी किती रात्री जागून काढल्यात, मला ठाऊक आहे.

खिडकीवर चिडले खरी, पण घरी आल्यावर त्याची फाइल उघडली. पहिल्या दीड वर्षाच्या नोंदी, सगळ्या माझ्याच अक्षरात: 'आईच्या सांगण्यानुसार'. पुन्हा पुन्हा तेच. त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही.

अक्काचं नाव त्याने त्याच बॉलपेनने लिहिलं, सासरच्या गावासकट. पुढच्या बुधवारी परत यायचंय. तारीख या वेळी त्याच्या मोबाइलमध्ये टाकली.