नेरळहून चढायचं, चौकला उतरायचं: माथेरानचा इतिहास उलट्या वाटेने

माथेरानला जाणारे बहुतेक जण नेरळहून चढतात आणि नेरळलाच परततात. आम्ही नेरळहून चढतो, पण उतरतो पायथ्याच्या चौक गावाला. या डोंगराचं जुनं दार चौकच्या बाजूला होतं. नेरळचं दार नंतर उघडलं आणि दस्तुरीचं, म्हणजे मोटारींचं, तर अगदी अलीकडचं. या क्रमाने गेलं की दिवसभराच्या चालीत माथेरानचा इतिहास मागे मागे उलगडत जातो.

नेरळला सकाळच्या पहिल्या लोकलने उतरावं. तिथून माथेरानला चढणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि डबे लहान, त्यामुळे शनिवार-रविवारी उशिरा पोचलेल्याला तिकीट मिळेलच असं नाही. पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, नेरळ ते अमन लॉज स्थानक गाडी बंद असते. तेव्हा टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जायचं आणि पुढे अमन लॉजहून शटल पकडायची किंवा चालायचं.

ही गाडी १९०७ सालची. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केलं आणि २२ मार्च १९०७ रोजी मार्ग खुला झाला. खर्च आला सोळा लाख रुपये. सरकारने नव्हे, एका मुंबईकर व्यापारी घराण्याने हे धाडस केलं, याचा उल्लेख माथेरानच्या गप्पांत फार कमी होतो. तो व्हायला हवा.

रूळ दोन फुटांचे. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आणि माथेरान स्थानक सुमारे ८०० मीटरवर. मार्ग साधारण २० किलोमीटरचा. म्हणजे सरासरी सव्वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, आणि जिथे सर्वांत तीव्र आहे तिथे वीस मीटरला एक. दात्यांचा मधला रूळ नाही, दोर नाही, फक्त चाक आणि रुळाची पकड. इतका चढ झेपावा म्हणून लोहमार्ग सरळ वर न नेता डोंगराच्या अंगाने गुंडाळत नेला. जुम्मापट्टी स्थानकानंतर भेकऱ्याचा खड्डा लागतो आणि त्यापुढे घोड्याच्या नालेसारखं मोठं वळण येतं. हे वळण नसतं, तर गाडी थांबवून, दिशा बदलून उलटी न्यावी लागली असती. त्यापुढे मार्गावरचा एकुलता एक बोगदा, मग वॉटर पाइप स्थानक, पुन्हा नागमोडी वळणं, आणि शेवटी पॅनोरमा पॉइंटजवळ कातळातली खोल खाच.

इतक्या आवळ वळणांवर साधं सहाचाकी इंजिन अडकलं असतं. तीन आस एकमेकांना घट्ट समांतर असले की पुढचं चाक रुळावर चढू पाहतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून खास इंजिनं आणली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या आसांवर पोकळ नळी बसवलेली होती आणि चाकं त्या नळीला जोडलेली. आतला दांडा फिरवायचं काम करायचा, पण नळी मात्र वळणाप्रमाणे थोडी कलायची आणि थोडी बाजूला सरकायची. ही रचना क्लीन-लिंडनर म्हणून ओळखली जाते. वाफेची इंजिनं आता गेली, डिझेल आलं, पण वळणं तीच राहिली आणि गाडी आजही रांगतच चढते.

मार्ग बंद पडतो तो मुख्यतः पाण्यामुळे. वरून येणारे ओहोळ रुळांखालची खडी धुऊन नेतात, भराव खचतो, कड्यावरचे धोंडे रुळावर येतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उखडला तो २००७ मध्येच पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये गाडी घसरण्याच्या घटनांनंतर सेवा थांबवली. २०१९ च्या पावसाने पुन्हा भराव वाहून गेले आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत धावली. म्हणून निघण्यापूर्वी त्या आठवड्यात गाडी चालू आहे का, याची खात्री करूनच बेत आखावा.

अमन लॉज स्थानक दस्तुरी नाक्याच्या शेजारी आहे. मोटारीचं राज्य इथे संपतं. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. इथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर, रमतगमत पाऊण तास. सामान हलकं ठेवावं. वरच्या वाहतुकीचा भार पिढ्यानपिढ्या घोड्यांवर, हमालांच्या डोक्यावर आणि माणसाने ओढायच्या रिक्षांवर राहिला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. इंग्रजी गिरिस्थानाचा हा वारसा जपण्यासारखा मुळीच नव्हता.

तांबडी वाट सुंदर दिसते, पण तिच्याकडे नीट पाहावं. हा जांभा. पठारावर त्याची टोपी आहे, त्यात पाणी झिरपून जातं आणि खाली कडेकडेने झऱ्यांतून निघतं. म्हणूनच जुन्या वसाहतीत झऱ्यांना इतकी किंमत होती आणि शार्लट तलाव हा गावाचा प्राण ठरला. तलावाकाठी ग्रामदैवत पिसरनाथाचं मंदिर आहे.

पॉइंटांना साहेबांची नावं आहेत, पण याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे वीर भाई कोतवाल, जन्मले. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठ्या उभारल्या आणि १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता घेऊन विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत त्यांना वीरमरण आलं. माथेरानच्या इतिहासात मॅलेटला जेवढी जागा मिळते, तेवढी तरी भाईंना मिळायलाच हवी.

हा मॅलेट, म्हणजे ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट, मे १८५० मध्ये चौकला मुक्कामाला असताना तिथून वर आला. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावायला अजून तीन वर्षं होती, आणि पनवेलहून बोरघाटाकडे जाणारा रस्ता चौकवरूनच जायचा. त्याने माथेरान 'शोधलं' असं लिहितात. धनगर, ठाकर आणि कातकरी या डोंगरावर त्याच्या आधीपासून वावरत होते. मॅलेटने वर घर बांधलं आणि साहेब लोकांना वाट दाखवली. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी गिरिस्थानाला आकार दिला. १८५६ मध्ये रेल्वे नेरळवरून पुढे खोपोलीपर्यंत पोचली आणि चौकचं दार ओस पडलं.

त्या दारानेच आता उतरायचं. बाजारातून दक्षिणेला वन ट्री हिलकडे निघावं. तिथून घळीतून खाली जाते ती शिवाजी शिडी. पायथ्याच्या वाड्यांतले लोक आजही कामाला याच वाटेने ये-जा करतात. दुपारी दोनच्या आत उतरायला लागा, कारण घळीत अंधार लवकर पडतो. माणशी तीन लिटर पाणी हवं. सुट्या मुरुमावर पाय सरकतो, तेव्हा टाच रोवून, आडवं पाऊल टाकत उतरावं आणि पुढच्या माणसाच्या थेट वर राहू नये, निसटलेला दगड त्याच्यावरच जातो. भर पावसात ही वाट नकोच. समोर दिसणाऱ्या इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, आणि हे कडेही त्याच डोंगरांचे आहेत.

दोन-अडीच तासांत आंबेवाडी येते. डावीकडे वर रामबागचा कडा, खाली मोरबे धरणाचं पाणी. वाडीतून चौकपर्यंत डांबरी रस्ता आहे, आणि चौकच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पनवेल किंवा खोपोलीकडे जाणारी एसटी मिळते.