द्वारकेला बसच्या आडून निघालेला माणूस गाडीला कळणार कसा?

द्वारका सर्कल पायी क्रॉस करणं काय असतं हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. बस थांबलेली असते, तिच्या पुढून माणसं निघतात, आणि बाजूने येणाऱ्या बाईकवाल्याला ती दिसतात तेव्हा ब्रेक मारायला जागाच उरलेली नसते. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तिथेच संपले.

नव्या गाड्यांतले कॅमेरे आणि रडार इथे कमी पडतात, कारण बसच्या आरपार त्यांनाही दिसत नाही. म्हणून मला व्हीटूपी (व्हेईकल-टू-पेडेस्ट्रियन, म्हणजे गाडी आणि पादचारी यांच्यातला थेट संपर्क) हा प्रकार फार महत्त्वाचा वाटतो. गाडी आणि पादचाऱ्याचा फोन, दोघं ५.९ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर थेट, मधे टॉवर न लागता, सेकंदाला अनेकदा आपली जागा, स्पीड, दिशा सांगत राहतात आणि टक्कर होईल असं वाटलं की दोघांनाही अलर्ट जातो. होंडाने २०१३ मध्येच हे असा रेडिओ असलेल्या स्मार्टफोनवर करून दाखवलंय.

अडतं कुठे, तर फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटर चुकतं, त्यामुळे कडेला निवांत उभा असलेला माणूस रस्त्याच्या मधोमध दिसू शकतो आणि असे खोटे अलर्ट रोज वाजायला लागले की ड्रायव्हर ते बंदच करून टाकणार. शिवाय आपल्या नेहमीच्या फोनमध्ये हा रेडिओ नसतो, आणि पंचवटीत देवदर्शनाला निघालेल्या आजींकडे तर फोनच नसतो, मग त्यांचा जीव काय कमी मोलाचा आहे का?

म्हणून माझं म्हणणं असं की माणसाच्या खिशात काही असायची अटच नको. चौकातल्या पोलवरच्या कॅमेऱ्याने माणूस ओळखायचा आणि पोलवरच्या रेडिओने त्याच्या वतीने गाड्यांना कळवायचं, हेही तंत्र आहेच. २०२७ च्या सिंहस्थात खेड्यापाड्यातून लाखो लोक पायी रामकुंडाकडे येणार, त्याआधी द्वारका, मुंबई नाका आणि आडगाव नाक्याला तरी हे बसवून बघा ना. पोलचा संदेश पकडणारे रिसीव्हर आधी सिटी बस आणि ट्रकना द्या, कारण त्यांची धडक सगळ्यात जीवघेणी, आणि बाईकवाल्यांकडे रिसीव्हर यायला वेळ लागेल तोवर त्याच पोलवर एक मोठा पिवळा दिवा लावा, बसच्या आड कोणी असलं की लुकलुकणारा.