चिंगी जेवेना

कुत्रा एक वेळ जेवला नाही तर घरभर चर्चा होते. कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, जेवत नाही हे कळायलाच बरेच दिवस जातात. पूर्ण वाढ झालेल्या मादीला एक दिवसाआड खाणं पुरतं, आणि उरलेला सगळा वेळ ती फांदी धरून, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी बसून असते. दुखतंय, खुपतंय, काही सांगायची सोय नाही. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहिते.

चिंगी ही आमची कॅमेलिऑन मादी, मूळची माझ्या मावसभावाची. तो शिकायला परदेशी गेला आणि ती, तिची जाळीची उंच पेटी, दिवे, खाऊच्या झुरळांचा डबा असं अख्खं बिऱ्हाड बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आलं. झुरळं म्हणजे मोरीतली नव्हेत, दुबिया नावाची, मुद्दाम वाढवलेली. शेजारच्या बेन कट्टर वैष्णव आहेत. त्या डब्यात काय आहे हे त्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

कायद्याचंही आधीच सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. आपल्या रानात सापडणारा कॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळता येत नाही आणि पकडताही येत नाही. चिंगी येमेन-सौदी अरेबियाकडच्या जातीची, डोक्यावर उंच तुरा असलेली. ही जातही वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद लागते आणि प्राणी दुसऱ्याच्या हाती गेला की तेही कळवावं लागतं. भावाने जायच्या आधी ते सोपस्कार उरकले होते. पुढे डॉक्टरांनी पहिल्यांदा मागितला तो हाच कागद.

होळीच्या सुमाराला चिंगीने तोंड फिरवायला सुरुवात केली. एरवी चिमट्यात झुरळ धरलं की तिचे दोन्ही डोळे पुढे यायचे, अंग किंचित डोलायचं आणि सटकन जीभ. आता एक डोळा झुरळावर यायचा, दुसरा खिडकीकडेच राहायचा, मग पहिलाही खिडकीकडे जायचा. झुरळ माझ्या चिमट्यात पाय झाडत राहायचं. उत्तरायणातही ती अशी रुसली होती. गच्चीवर पतंगांची झुंबड उडाली होती, आणि वरून सरकणारी सावली म्हणजे तिच्या लेखी शिकारी पक्षी असावा. तेव्हा खिडकीला पडदा लावला आणि ती सुधारली. या वेळी पडदा लावूनही काही फरक नाही.

भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने जेवणाबद्दल फार विचारलंच नाही. “ताई, फांदीवर तापमान किती आहे? शी कशी होते? जीभ मारते आणि चुकते, की मारतच नाही?”

हा शेवटचा प्रश्न फार कामाचा निघाला. प्राणी नेम धरतो, जीभ टाकतो आणि ती अर्ध्यावर पडते, किंवा तोंड उघडून तसाच थांबतो, तर भूक आहे पण अवयव साथ देत नाही. मग कॅल्शियमची कमतरता, मऊ पडलेला जबडा, जिभेची इजा, अ जीवनसत्त्वाचा अभाव, तोंडातला संसर्ग या दिशेने बघायचं. बघायलाच तयार नसेल, तर खायची इच्छाच गेली आहे. ती का गेली याची कारणं बहुतेक वेळा पेटीत, हवेत किंवा पोटात असतात. चिंगी दुसऱ्या गटातली.

आधी तापमान. फ्रीजमध्ये लावतात तसला वायरवाला थर्मामीटर रावपुऱ्यातून आणला आणि त्याचं टोक थेट तिच्या बसायच्या फांदीला बांधलं. या जातीच्या मादीला त्या जागी २७ ते २९ अंश पुरतात. आमच्याकडे भर दुपारी ३६ भरले. खोली गच्चीखालची, मार्च लागलेला आणि वर हिवाळ्यात लावलेला तापदिवा टायमरवर संध्याकाळपर्यंत चालू. ती दुपारी तोंड उघडं ठेवून बसायची, ते उष्म्यानेच. दिवा सकाळचे दोन तासच ठेवला, आणि दुपारी दारात कूलर. तोंड उघडं ठेवणं थांबलं. खाणं नाही.

मग पाणी. कॅमेलिऑनला वाटीतलं पाणी पाणी म्हणून सहसा ओळखता येत नाही. बहुतेक वेळा पानावरून ओघळणारे थेंबच तो पितो. त्याच्या शीमध्ये एक गडद भाग असतो आणि एक खडूसारखा. तो खडूसारखा भाग पांढरा असला तर ठीक, पिवळा-नारिंगी व्हायला लागला तर पाणी कमी पडतंय. चिंगीचा हळदीच्या बोटासारखा झाला होता. मी सकाळी कुंड्यांच्या पंपाने फवारत होतेच, पण बडोद्याच्या कोरड्या उन्हाळी वाऱ्यात ते काही मिनिटांत उडून जायचं. भावाने सांगितलेला तोडगा असा की सलाइनचा सेट आणायचा, बाटलीला लावून पेटीवर टांगायचा आणि थेंब मनी प्लांटच्या पानावर पडेल असं चाक फिरवून ठेवायचं. मेडिकलवाल्याने सेट देताना फार गंभीर चेहऱ्याने विचारलं, “पेशंट घरीच आहे का?” मी हो म्हटलं, ते काही खोटं नव्हतं. पहिल्याच सकाळी चिंगी त्या पानाखाली येऊन, डोळे मिटून, जबडा हलवत इतका वेळ पीत राहिली की माझा चहा गार झाला. चार-पाच दिवसांत खडू पांढरा झाला. खाणं तरीही नाही.

प्रकाशाचं लवकर निकालात निघालं. युव्हीबी ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिच्यातली अतिनील किरणं वर्षभरात ओसरतात, म्हणून ती बदलावी लागते. भावाने ट्यूबच्या कडेला मार्करने महिना लिहून ठेवला होता आणि वर्ष भरायला अवकाश होता. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन याबाबतीत उपयोगाचं नाही, काच ती किरणं अडवते. म्हणून सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात तिला गॅलरीतल्या जास्वंदीवर ठेवायला लागले, अर्थात समोर खुर्ची टाकून. कावळे आहेत, घारी आहेत.

खाण्याचा कंटाळा हेही एक खरं कारण असतं. तेच ते झुरळ महिनोन्‌महिने दिलं की हे प्राणी संपावर जातात. मी नाकतोडे मागवले, सुपरवर्म नावाच्या अळ्या आणल्या. बागेतले किडे मात्र धरले नाहीत, कोणत्या सोसायटीने कधी औषध मारलंय कोण सांगणार! झुरळांना खंडेराव मार्केटातली शेवग्याची पानं आणि गाजर घातलं, वरून कॅल्शियमची पूड. चिंगीने नाकतोड्याला एकदा न्याहाळलं. तेवढंच.

आता आईला राहवेना. तिच्या मते खायला घालणं हा उपाय आणि न खाणं हा आजार, मधे काही नाही. एका दवाखान्यातही जवळपास हेच ऐकायला मिळालं. तिथे कुत्र्यामांजरांची रांग होती. चिंगीला लांबूनच पाहून, सिरिंजने पातळ करून भरवा, असं सांगण्यात आलं. मी ते केलं नाही. धडधाकट पकड असलेल्या प्राण्याचा जबडा जबरदस्तीने उघडायचा म्हणजे जबडा दुखावू शकतो आणि पातळ अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय कारण कळलेलंच नाही. जबरदस्तीचं खाणं हे तपासणी झाल्यावर, डॉक्टरांनी स्वतः दाखवल्यावर करायचं काम आहे, हे माझं ठाम मत.

दिशा मिळाली ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यामुळे. भावाची वहीत वजन लिहायची पद्धत मी चालू ठेवली होती. चिंगी शंभर ग्रॅमच्या आसपासची. इतके दिवस उपाशी म्हणजे काटा खाली यायला हवा. तो वर सरकत होता. डोळे खोल गेलेले नाहीत, पकड घट्ट, पोट मात्र दोन्ही बाजूंना फुगीर. त्यातच ती फांदी सोडून खाली उतरायला लागली. पेटीच्या तळाशी कोपऱ्यात जायची, पुढच्या पायांनी खरवडायची, परत चढायची, परत उतरायची. झाडावर राहणारा प्राणी जमिनीवर उगाच येत नाही. हिरव्या अंगावर गडद छटा आणि पिवळे-निळसर ठिपकेही आता ठळक दिसत होते. भावाला सांगितल्यावर तो पलीकडून ओरडलाच, “अगं ताई, अंडी!”

आईचा पहिला प्रश्न साहजिक होता. नर कुठे आहे? नर नकोच. कोंबडी जशी कोंबड्याविना अंडी घालते तशीच या जातीची मादी वयात आली की घालते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. आणि अंडी पोटात भरत आली की शेवटी शेवटी खाणं सुटतं, कारण आत जागाच उरत नाही.

तरी डॉक्टर हवेतच, कारण अंडी आहेत हे कळणं वेगळं आणि ती नीट बाहेर येतील हे वेगळं. पक्षी आणि कासवं बघणारे एक डॉक्टर विचारपूस करून सापडले. फळांच्या करंडीत आडवी काठी बसवली, तिच्यावर चिंगी, वरून सुती ओढणी, आणि रिक्षा. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन गेले होते. तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. पोटातले जंत आणि कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी यांनीही भूक मरते, पण तसलं काही निघालं नाही. घसा, हिरड्या, नाकपुड्या साफ. एक्स-रेत मात्र पोटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट लांबट गोळे एकमेकांना खेटून. डॉक्टरांनी पातळ कॅल्शियम दिलं आणि बजावलं की ती खणत राहिली आणि अंडी आली नाहीत, किंवा दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहिली, तर फोन करत बसायचं नाही, थेट घेऊन यायचं. अंडी अडकली तर आधी कॅल्शियम, मग इंजेक्शन, त्यानेही नाही झालं तर ऑपरेशन. योग्य जागा मिळाली नाही म्हणून मादी अंडी धरून ठेवते आणि त्यात दगावते, असं पुष्कळदा होतं म्हणाले.

तेव्हा जागा. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घासून घेतली. गल्लीत बांधकाम चालू होतं, तिथून ओरसंग नदीची रेती आणली आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतली. सगळी मेख ओलाव्यात आहे. रेती कोरडी असली तर तिचं बीळ तिच्याच अंगावर कोसळतं, फार ओली असली तर तळाशी पाणी साचतं. बोट खुपसून काढलं की भोक तसंच उभं राहिलं पाहिजे. फूटभर खोल रेती भरली, बादली पेटीत ठेवली, एक फांदी तिच्यात उतरती लावली आणि पेटीला तिन्ही बाजूंनी जुनी चादर गुंडाळली. खणताना कोणी बघतंय असं वाटलं की ती काम टाकून देते. बाईंना त्या खोलीत झाडू मारायला बंदी, आईच्या पोथीचा मुक्काम पुढच्या खोलीत. चादरीच्या फटीत जुना मोबाइल लावून ठेवला होता, त्यात बघायचं.

पहिलं बीळ तिने अर्धवट सोडलं. माझ्या पोटात गोळा. दुसरं बादलीच्या कडेला लागून खणलं, पुढच्या पायांनी उकरायचं आणि मागच्यांनी रेती बाहेर लोटायची. संध्याकाळपर्यंत शेपटीचं टोकही दिसेना. मग कधीतरी बिळाच्या तोंडाशी मातीने माखलेला तुरा आला, म्हणजे ती आत वळून उलटी बसली होती. रात्रभर तशीच. तिला हात लावून बाहेर काढायचा मोह आईला दर तासाला होत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेर येऊन बीळ बुजवायला लागली, आणि रेती सपाट होईपर्यंत थांबली नाही. वर चढली तेव्हा कातडी दोन्ही बरगड्यांवर लोंबत होती.

आधी पाणी, भरपूर. मग चिमट्यात झुरळ. दोन्ही डोळे पुढे आले.

बादलीतून तिसाच्या वर अंडी निघाली, पांढरी, चामड्यासारख्या कवचाची. या जातीची मादी एका वेळी पन्नास-साठही घालते, आणि प्रत्येक वेळी अंगातलं कॅल्शियम त्यात जातं. डॉक्टरांच्या मते जास्त खाणं आणि जास्त उष्णता या दोन्हींनी अंड्यांची संख्या वाढते. अंडी घातल्यावर भरून येईपर्यंत तिला पोटभर खाऊ दिलं, त्यानंतर ठरावीक वारीच. गेल्या हिवाळ्यात आई रोज सकाळी दोन-तीन झुरळं “खा गं बाई” म्हणत देत होती, ते बंद झालं. आता सोमवार, बुधवार, शनिवार, आणि तेही मोजून. रेतीची बादली पेटीत कायमची, कारण काही महिन्यांनी हे सगळं परत येऊ शकतं.

जास्वंद मात्र डॉक्टरांनी बंद केलेली नाही. ही जात पानं-फुलंही खाते, आणि आमच्या जास्वंदीवर कधी औषध मारलेलं नाही. त्यामुळे गणपतीसाठी फुलं तोडताना आई एक जास्तीचं तोडते, आणि वारांचं बंधन त्याला लागू नाही असं तिने परस्पर ठरवून टाकलं आहे.