ऑफ म्हंजे बंद

या आठवड्यात शेताला रात्रीची लाइन आहे. बारा वाजता थ्री फेज येते, म्हणून गव्हाला पाणी द्यायचं तर मोबाइलात अलार्म लावूनच झोपावं लागतं. तो लावत होतो, तेवढ्यात दहावीतली पुतणी वही घेऊन ओसरीत आली. 'दि अलार्म वेन्ट ऑफ ॲट फाइव्ह.' खाली तिचं भाषांतर : पाच वाजता अलार्म बंद पडला. त्यावर लाल शाईची फुली.

"वाजला," मी म्हटलं.

"काका, ऑफ म्हंजे बंद. मोटरच्या मेन स्विचवर लिवलं हाये ना!"

आता काय सांगणार? या 'गो ऑफ'चा काही नेमच नाही. दिवा गो ऑफ झाला तर विझला, बॉम्ब झाला तर फुटला, दूध झालं तर नासलं. 'आय हॅव गॉन ऑफ टी' म्हणजे चहा नकोसा झाला. (ही दूध-चहाची बोली इंग्लंडातली, अमेरिकेत नासलेलं दूध सरळ 'गो बॅड' होतं.) जुन्या इंग्रजीत ऑफ आणि ऑव्ह हा एकच शब्द होता, अर्थ 'पासून दूर'. त्या हिशेबानं दिवा समजतो. गजराचं काय? अडकवून धरलेला खटका सुटला की बंदूक 'ऑफ' जाते, तसाच चावीच्या घड्याळाचा गजर, असं मी ठोकून दिलं. तिला पटलं नाही. मलाही अर्धंच पटलं होतं.

तेवढ्यात दिवा गेला. आतून आई म्हणाली, "डीपीवरचा फ्यूज उडाला वाट्टे."

उडाला! फ्यूज काय पाखरू आहे? फ्यूज उडतो तेव्हा सगळं बंद पडतं. बंदुकीचा बार उडतो तेव्हा कानठळ्या बसतात. चहावरून मन उडतं, लुगड्याचा रंग उडतो, झोप उडते. लग्नाचा बारसुद्धा उडवून टाकतात, आणि समारंभ नीट पार पडला तर इंग्रजीत तोही 'वेन्ट ऑफ वेल'! इंग्रजांना हसत होतो, तर आमच्याच घरात हा प्रकार.

तासाभरानं दिवे आले. बाराला अलार्म असा कोकलला की सगळं घर जागं झालं. मी बॅटरी शोधतो आहे तोच ओसरीतला दिवा पुन्हा गेला. अंधारातून पांघरुणाखालचा आवाज आला,

"काका, अलार्म वेन्ट ऑफ. लाइन बी वेन्ट ऑफ."