श्रॉपीवर जाताय? आधी फळी मोजा

इंग्लंडमधल्या श्रॉपशायर युनियन कालव्यावर, म्हणजे बोटवाल्यांच्या भाषेत श्रॉपीवर, नॅरोबोट (कालव्यावरची लांबट, अरुंद, राहायची बोट) भाड्याने घेणार असाल, तर स्वयंपाकघर, शॉवर, पलंग सगळं नंतर बघा. आधी छतावरची काठावर उतरायची फळी आणि बोट ढकलायची काठी बघा. सोबत टेप न्या. बोट ताब्यात देणारा माणूस घाईत असेल तर असू दे, त्याला थांबवा.

आम्हाला त्याने सांगितलं, "ती फारशी लागत नाहीत हो. फोटोत छान दिसतात म्हणून ठेवतो." शुद्ध थाप. इतर कालव्यांवर कदाचित चालून जाईल. श्रॉपीवर नाही.

श्रॉपी वुल्व्हरहॅम्प्टनजवळ ऑदर्ली जंक्शनला सुरू होतो आणि 66 मैलांवर एल्समीअर पोर्टला संपतो. दक्षिणेकडचा भाग इंजिनिअर टॉमस टेल्फर्डने आखलेला. तो 1835 मध्ये खुला झाला, टेल्फर्ड आदल्याच वर्षी गेला. टेकडी आली की कापून आरपार, सखल जागा आली की भराव, असा सरळसोट कालवा. बघायला देखणा. पण बऱ्याच ठिकाणी काठालगत पाण्याखाली दगडाचा किंवा काँक्रीटचा कट्टा पुढे आलेला आहे. बोटवाले त्याला श्रॉपी शेल्फ म्हणतात. वरून काही दिसत नाही. तुम्ही बोट हळूच काठाला लावायला जाता आणि अजून बरंच अंतर असतानाच खालून खर्रकन आवाज येतो. संपलं. याहून जवळ ती येणार नाही. मागची बाजू तर आणखी लांब राहते, कारण तिथे पंखा आणि सुकाणू असल्यामुळे बोट जास्त खोल बसलेली असते.

अशा जागी आम्हाला रात्र काढावी लागली. बोट बांधायला कड्या बसवलेल्या मुक्कामाच्या जागा संध्याकाळी भरल्या होत्या, पाऊस सुरू झाला होता आणि सांगलीहून आलेली माझी आई दिवसभर बोटीत बसून कंटाळली होती. तिला चार पावलं चालायचं होतं, एवढंच. मी छतावरून फळी काढली. सहा फुटी, वर-खाली तुकतुकीत ऑइलपेंट, मधोमध गुलाबांचा गुच्छ. आईने बघितली आणि म्हणाली, "अरे, ही फळी आहे का लग्नातला पाट? रांगोळी तेवढी राहिलीय."

सहा फुटांतली फळी दोन्हीकडे टेकायला किती उरली? काठावर जेमतेम वीतभर, बोटीवर त्याहून कमी. बायको आधी उतरली. मी पाय ठेवणार तेवढ्यात समोरून एक बोट आली, वेग अजिबात कमी न करता. श्रॉपीवर हे नेहमीचं. तशी बोट शेजारून गेली की पाणी आधी ओढलं जातं, मग परत येतं, आणि बांधलेली बोटही तशीच आधी पुढे मग मागे सरकते. फळी काठावरून सुटली आणि पाण्यात पडली. कुणी तिच्यावर नव्हतं म्हणून हे विनोदी सुरात लिहितोय. नंतर रात्रभर दर बोटीला तळ कट्ट्यावर आपटत होता. झोप विसरा.

तर फळीबद्दल. आठ फुटांपेक्षा आखूड फळी श्रॉपीवर घेऊ नका. दोन्ही टोकांना निदान एक-एक फूट टेकली पाहिजे, म्हणजे मध्ये सहा फूट मिळतात, आणि तेवढे लागतात. रुंदी नऊ इंच तुम्हा-आम्हाला पुरते. वयस्कर माणूस असेल तर बारा इंच मागा. वरून खरखरीत हवी: आडव्या पट्ट्या मारलेल्या, किंवा रंगात वाळू मिसळलेली. नुसता चकचकीत रंग दवाने ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, मग बूट कितीही चांगले असोत. एका टोकाला भोक आणि भोकात दोरी, ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. बोटीकडचं टोक बोटीला बांधायचं, म्हणजे निसटली तरी फळी वाहून जात नाही. आमच्या फळीला भोक नव्हतं. गुलाब होते.

मार्केट ड्रेटनला इमारती सामानाच्या दुकानातून मी परांचीची फळी घेतली, 38 मिलिमीटर जाड, 225 रुंद, आठ फूट लांब. किंमत पंधरा-सोळा पाउंड. दुकानदाराने कडेला भोक पाडून दिलं, फुकट. एक अडचण आहे. या फळ्या परांचीवर दीड मीटरच्या आत आधार धरून वापरायच्या असतात, त्यामुळे आठ फुटांवर मधोमध चांगली झुलते. एका वेळी एकच माणूस, हातात पिशवी नाही, आणि वजन शंभर किलोच्या आसपास असेल तर दुसरी फळी शोधा. फळी लावायची ती नेहमी पुढच्या खोलगट डेकच्या कडेवर. मधल्या अरुंद कडेवर टेकवून उतरणारे लोक मी पाहिले. त्यांचं नशीब चांगलं होतं.

आईला आम्ही असं उतरवलं: मी डेकवर काठीचं एक टोक कमरेच्या उंचीवर धरलं, बायकोने काठावर दुसरं. झाला कठडा. आई एक हात काठीवर ठेवून, साडीचा घोळ दुसऱ्या हातात धरून, खाली न बघता सरळ चालत गेली. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "सूनबाई, तुझा हात थरथरतोय, माझा नाही."

आता काठी. ती अ‍ॅश लाकडाची हवी. लवचीक असते आणि मोडण्याआधी बरंच वाकून दाखवते. बारा फूट तरी हवी. आम्हाला मिळालेली पाइनची होती, मधोमध गाठ. गाठ असलेली काठी सरळ परत करा. आमची टर्लीच्या अलीकडे मोडली, चिखलात नाही, झुडपात नाही, साध्या काठावर टेकवून ढकलताना. दोन तुकडे पाण्यात तरंगत राहिले आणि मी ते गोळाही केले. तरी परत आल्यावर अनामत रकमेतून 75 पाउंड कापले. "कट्ट्यावर जोर लावला असेल," असं ऐकवलं. जी वस्तू लागतच नव्हती, तिचे 75 पाउंड. यापुढे मी ताबा घेतानाच छतावरच्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढून त्यांच्या फॉर्मवर "काठीला गाठ आहे" असं लिहून सही घेणार. तुम्हीही घ्या.

काठी छताच्या मधल्या रॅकवर आडवी झोपवलेली असते, ते ठीक. पण तिचं मागचं टोक सुकाणू धरणाऱ्याच्या हाताला लागलं पाहिजे. 57 फुटी बोटीत काठी पुढे आणि तुम्ही मागे, तर ती नसल्यातच जमा. छताच्या बाहेर मात्र कुठेही डोकावू देऊ नका. नोझलजवळचा काउली बोगदा जेमतेम 81 यार्डांचा आहे, पण त्याचा बराचसा खडक उघडाच आहे आणि त्याला तुमच्या काठीची फिकीर नाही.

शेल्फवर अडकलात तर पुढे गिअर टाकून जोर करायचा नाही, आणखी रुतता. मागची बाजू आधी काठीने ढकलून मधल्या खोल पाण्यात काढा, मग रिव्हर्स. सगळ्यांना काठाच्या विरुद्ध बाजूला उभं करा, तेवढ्यानेही कधी कधी सुटते. काठी पाण्यात उभी खुपसू नका, तिरकी टेका. चिखलाने धरली तर पिळून काढा. निघत नसेल तर सोडून द्या. बोट जाते, काठी राहते, आणि धरून ठेवणारा पाण्यात. टोक छातीला किंवा पोटाला लावून तर कधीच ढकलू नका. मागे पंधरा टनांचं पोलाद आहे. आणि समोरून येणारी बोट काठीने थोपवायला जाऊ नका, शौर्य दाखवायची ती जागा नव्हे.

टर्लीला पाच लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, आहेत. तिथे प्रत्येक लॉकच्या खाली बाजूने जादा पाणी जोरात येऊन मिळतं आणि बोटीचं नाक सरळ पलीकडच्या काठावर नेतं. काठी हातात घेऊन तयार राहा, असा सल्ला मला मिळाला होता. चुकीचा. तिथे काठी घेणाऱ्याचे हात आणि बोटं धोक्यात येतात. थोडा वेग ठेवा, प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडे नाक आधीच वळवून धरा आणि एक धक्का बसणार हे गृहीत धरा. त्याआधीच्या वुडसीव्ह्ज या टेकडी कापून काढलेल्या भागात दोन्ही बाजूंना खडक, अंधूक उजेड, अरुंद पाणी. तिथे थांबायचा विचारही नको.

ऑडलमचे 15 लॉक आम्ही एका दमात केले. खांदे अजून दुखताहेत, त्यामुळे त्याबद्दल माझं मत आत्ता विचारू नका. व्हीटन ॲस्टनपासून टर्लीपर्यंत सतरा मैल एकही लॉक नाही. छान आहे. वाटेतलं ब्रूड छान आहे, नॉर्बरी छान आहे. चहा पीत जा.

मुक्काम शक्यतो कड्या असलेल्या ठिकाणी करा, आणि दुपारी तीनलाच थांबा. पाचनंतर जागा मिळत नाहीत. श्रॉपशायर युनियन कॅनॉल सोसायटीच्या स्वयंसेवकांनी वाटेत बऱ्याच जागी कड्या आणि बाकं बसवली आहेत, नकाशात आधीच खुणा करून ठेवा. भरलेल्या असतील तर शेल्फवर बांधण्याला पर्याय नाही. त्यासाठी बांधकामावरच्या हातगाडीची हवेची दोन चाकं घ्या आणि बोट व काठ यांच्या मध्ये, पाण्याच्या रेषेशी, दोरीने लटकवा. जुने बोटवाले हेच करतात. आवाज थांबतो. अंतर मात्र आणखी वाढतं, म्हणून आठ फुटांची फळी. चाकं निघताना वर ओढून घ्या, लॉकमध्ये ती लटकत राहिली तर बोट अडकते.